पारव्याची नोंद

५ जानेवारी, सोमवार

तक्रार कक्ष तळघरात निघाला! खिडकी नाही. दोन ट्यूबलाइट, त्यातली एक सारखी लुकलुकते. तिचीही तक्रार नोंदवलेली आहे म्हणे. मी नवी वही, चार रंगांची पेनं आणि नको इतका उत्साह घेऊन अर्धा तास आधीच हजर. कुलूप उघडायला कुणी आलंच नव्हतं, मग जिन्यात बसून राहिले.

इथल्या हेडक्लार्कना सगळे काका म्हणतात, साहेबसुद्धा. एकतीस वर्षं पालिकेत, त्यातली बरीचशी याच खुर्चीत. त्यांनी माझी पेनं पाहिली, हिरवं आणि लाल वेगळं काढून माझ्या हातात दिलं. "निळं ठेवा. हे रंग वरच्यांचे." मी सांगितलं — मी विद्यार्थिनी, लोकप्रशासन आणि धोरण, एम.ए.चं दुसरं वर्ष, लघुप्रबंधासाठी तीन महिने बसणार, कामात लुडबूड करणार नाही, फक्त निरीक्षण.

"बसा की. आम्ही तरी दुसरं काय करतो?"

माणूस गमतीदार आहे. तरी का कोण जाणे, मला त्यांची थोडी धास्तीच वाटली.

७ जानेवारी, बुधवार

'निकाली' म्हणजे काय ते आज कळलं. तक्रार आली की कक्षाला सात दिवस. सात दिवसांत ती योग्य त्या विभागाकडे पाठवली की आमच्या वहीत निकाली. पुढे त्या विभागानं काम केलं, नाही केलं, तिसऱ्याकडे ढकललं — आमचा संबंध नाही.

"पण काम झालं का ते कोण बघतं?"

"झालं ना. आपलं झालं."

गेल्या वर्षी सत्त्याण्णव टक्के निकाली. त्याचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलंय, नेमकं लुकलुकत्या ट्यूबखाली. हसू आवरेना. बाईंना — माझ्या मार्गदर्शक — हे प्रचंड आवडणार. त्या पहिल्या सत्रापासून घसा कोरडा करून सांगतायत की आकडा दिसला की आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघा.

९ जानेवारी, शुक्रवार

सापडलं! विषयच सापडला!

जुन्या फायली लावताना एक जाड फाइल हाती आली. टाकी क्रमांक चार. पाण्याची उंच टाकी, तिला तडा गेलाय अशी तक्रार. एकाच माणसाची चौदा पत्रं. दर महिन्याच्या एक तारखेला एक, न चुकता. निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, टाकीखालच्या वसाहतीत राहतात. प्रत्येक पत्रात शाईनं लिहिलेला मजकूर आणि खाली पेन्सिलीनं काढलेला तडा. पहिल्या पत्रात त्यांनी तड्याशेजारी आगकाडी काढलीय, मापासाठी. सातव्यात पेन्सिल. चौदाव्यात स्वतःचा अंगठा.

आणि चौदाही निकाली! पहिलं पाणीपुरवठ्याकडे गेलं. त्यांनी बांधकामाकडे पाठवलं. बांधकामानं मालमत्ता विभागाकडे. मालमत्तेनं पुन्हा पाणीपुरवठ्याकडे. दरवेळी सही, शिक्का, तारीख, सगळं सात दिवसांच्या आत. कुणी एक दिवससुद्धा उशीर केलेला नाही. कुणाची चूक काढायची म्हटली तरी काढता येणार नाही.

मी जमिनीवर बसून चौदा पत्रांचा नकाशा काढला. एक वाटोळं चक्र निघालं. माझा लघुप्रबंध अख्खा त्या चक्रात बसतोय. इतका आनंद झाला की डबा खायचा राहिला.

१२ जानेवारी, सोमवार

बाईंना नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे तू घडवून तर आणलं नाहीस ना?" त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

मग म्हणाल्या, पंधराव्या पत्राची वाट बघ. एक पूर्ण फेरी स्वतः पाहा, तारीख-वार टिपून ठेव. मध्ये हात घालू नकोस. तू हात घातलास की ते निरीक्षण राहत नाही, तुझंच काम होतं आणि परीक्षक तोंडी परीक्षेत तुला सोलून काढतील.

मी विचारलं, पण टाकी खरंच धोक्याची असली तर?

"चौदा महिने उभी आहे ना? आणखी एक महिना."

पटलं मला. लिहून ठेवते, कारण पटलं.

१५ जानेवारी, गुरुवार

वर्गात आज 'जबाबदारीचं वाटप' होतं. मी माझं चक्र फळ्यावर काढून दाखवलं. टाळ्या पडल्या.

२० जानेवारी, मंगळवार

टाकी बघून आले. जाण्याआधी काकांनी हालचाल नोंदवही पुढे केली. कुठे जाणार, कशासाठी, सही. 'टाकी क्र. चार, पाहण्यासाठी' असं लिहिलं. गळ्यात कक्षाचं ओळखपत्र अडकवलं, त्याशिवाय कुंपणाच्या आत सोडत नाहीत.

सहा खांबांवर टाकी. उत्तरेच्या खांबापासून तडा निघतो आणि टाकीच्या पोटात वर चढत जातो. कडेनं गंजाचे ओघळ. गिलाव्याचे पोपडे सुटलेत, दोन ठिकाणी आतली सळई उघडी. वरच्या झाकणाची जाळी फाटलीय, तिथून पारवे आतबाहेर करतात. खाली एकतीस घरं आणि टाकीच्या बरोबर सावलीत बालवाडी. उन्हं तापली की मुलांना सावलीत खेळता यावं म्हणून जागा मुद्दाम तिथे निवडली होती, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. एक चिमुरडी खाली पडलेले पोपडे गोळा करून दुकान मांडून बसली होती.

शिडी लोखंडी, सरळ उभी. मला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघवत नाही. चढले नाही. खाली उभी राहून वहीत उत्तरेची बाजू काढून घेतली, निघताना घाई झाली म्हणून बाकीच्या बाजू राहिल्या.

मास्तर भेटले. बारीक, ताठ, सदऱ्याच्या खिशात दोन पेन्सिली. माझं ओळखपत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. "चौदा पत्रांनंतर माणूस आला. बसा मॅडम, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." मी म्हणणार होते की मी ऑफिसची नाही, मी शिकायला आलेय. पण त्यांनी शेजारपाजारच्यांना हाका मारायला सुरुवात केली होती. पालिकेच्या मॅडम आल्या, बघून गेल्या, आता होणार! मी चहा प्यायले. पुढच्या वेळी सांगेन.

४ फेब्रुवारी, बुधवार

पंधरावं पत्र आलं नाही. एक तारखेला रविवार होता, म्हणून सोमवार धरला, मंगळवार धरला. मास्तरांना बरं नाही की काय?

माझं चक्र सुरूच होत नाहीये. जीव टांगणीला लागलाय आणि तो टाकीसाठी नाही, पत्रासाठी. हे स्वतःशी तरी कबूल करावं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

फाइल बंद झाली.

काकांना म्हटलं, टाकी चारची फाइल काढून द्या, एक तारीख बघायचीय. त्यांनी 'बंद' लिहिलेल्या कपाटातून काढून दिली. शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात — वीस जानेवारी रोजी कक्षामार्फत स्थळपाहणी करण्यात आली. तदनंतर तक्रारदाराची तक्रार प्राप्त नाही. सबब प्रकरण बंद. खाली हालचाल नोंदवहीतलं पान जोडलंय. त्यावर माझी सही.

मी म्हटलं, काका, मी पाहणी केली नाही. मी नुसतं बघून आले!

"त्यालाच पाहणी म्हणतात, ताई."

"पण मास्तरांनी पत्र लिहिलं नाही, कारण त्यांना वाटतंय आपण काम सुरू केलं!"

"म्हणजे समाधान झालं. तेच लिहिलंय मी."

चेष्टा करत नव्हते. बेरकीपणाही नव्हता चेहऱ्यावर. एकतीस वर्षं असंच करत आलेला माणूस, त्याला यात काही खटकावं असं दिसतच नव्हतं. चौदा महिने जे चक्र निदान फिरत तरी होतं, ते मी एका चहात थांबवलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

बांधकामच्या अभियंत्यांकडे गेले. तासभर बसवून ठेवलं, मग आत बोलावलं. सज्जन माणूस. फाइल बंद आहे म्हणाले, तरी कागद काढून समजावून सांगितलं. खांब बांधकाम विभागाचे. वर पाणी भरतं ती टाकी पाणीपुरवठ्याची. खालची जमीन मालमत्तेची. टाकी रिकामी करायची तर तिघांच्या सह्या एकाच कागदावर लागतात.

"आणि तडा कुणाचा?"

"तो कुठून सुरू होतो त्यावर आहे."

"खांब आणि टाकी जिथे मिळतात, बरोबर तिथून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, नवीन तक्रार द्या, नवीन पाहणी लावतो, आमचा नंबर जूनच्या सुमारास येईल.

जून!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना सगळं सांगितलं. माझं ओळखपत्र, मास्तरांचा चहा, माझी सही. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या टिपणं काढत होत्या! निरीक्षकाच्या हजेरीमुळे व्यवस्था कशी बदलते, हे स्वतंत्र प्रकरण होईल म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, तिथे बालवाडी आहे.

त्यांनी वही मिटली. "मला कळत नाही असं वाटतं का तुला? मी पत्र लिहीन, विभागातर्फे. कुलसचिवांच्या सहीनं जाईल." किती दिवस लागतील विचारलं. मग हळूच म्हणाल्या, तोपर्यंत तू काही वेडंवाकडं करू नकोस. क्षेत्रकार्यात एक जरी खोटी नोंद निघाली तर पदवी रद्द होते, मी स्वतः एकाची केलेली आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तर आज कक्षात आले. सगळा जिना धरून धरून उतरले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला सिमेंटचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. तळहाताएवढा. काल दुपारी बालवाडीच्या अंगणात पडला, मुलं नुकतीच आत गेली होती.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त विचारत होते, "मॅडम, तुमच्या अहवालाला अजून किती दिवस लागतील? घाई नाही करत मी. लोक विचारतात म्हणून." म्हणाले, आता मी पत्रं लिहून तुम्हाला त्रास देत नाही.

मी सांगितलं त्यांना. शेवटी सांगितलं. मी विद्यार्थिनी आहे, माझ्या हातात काही नाही, तुम्ही पत्र लिहा, आजच लिहा. त्यांना ते खरं वाटलं नाही. वरच्यांनी हिला असं बोलायला सांगितलं असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "समजलो," म्हणाले आणि गेले.

तुकडा काकांनी उचलला, खिडकीत ठेवायला म्हणून वळून पाहिलं, खिडकी नाही हे आठवलं, मग फायलींवर ठेवला, वजन म्हणून.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आईशी बोलले. चाळीस वर्षं परिचारिका होती, रात्रपाळ्या करून मला शिकवलं. तिला म्हटलं, समज, खरं सांगून काही होत नाही आणि खोटं सांगितलं तर लोक वाचतात. काय करशील?

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पेशंटच्या तक्त्यावर न मोजलेला ताप मी कधी लिहिला नाही." मी म्हटलं, आणि त्यानं माणूस वाचणार असता तर? तिनं विचार केला. "तुला वाटतं वाचेल. पण पुढचा डॉक्टर तोच आकडा खरा धरून औषध देतो, ना?"

तिला काय कळतंय धोरणातलं! असं मनात आलं. तिच्यावर उगाच चिडले, जेवले नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काका आज आपणहून बोलायला लागले. फायलींवरचा तो तुकडा हातात घेऊन. म्हणाले, बारा वर्षांपूर्वी टाकी क्रमांक दोनमध्ये पाल पडली. एका बाईंनी फोन केला. चार तासांत टाकी रिकामी! आरोग्य विभाग कुणाच्या सहीला थांबत नाही. पाण्यात मेलेलं काही आहे असं कुणी प्रत्यक्ष पाहिलं आणि लिहून दिलं की त्याच दिवशी पाणी सोडून देतात.

"काका, हे तुम्ही मला का सांगताय?"

"कशाला? जुनी गोष्ट आठवली." चष्मा वर सरकवला आणि आवक-जावक वहीत डोकं घातलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फाटलेली जाळी. पारवे. कुणाला संशय येणार नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

लिहून दिलं. दोन ओळी. वीस जानेवारी रोजी टाकी क्र. चारची पाहणी करताना शिडीने वर जाऊन झाकणातून पाहिले असता पाण्यात मृत पारवा आढळला. नजरचुकीने कळविण्याचे राहून गेले. सही.

काकांनी वाचलं. "चढला होतात?"

"हो."

"मी लिहितो मग तसं." त्यांनी ते आरोग्य विभागाकडे पाठवलं आणि वहीत नोंद केली.

माझी पाहणी खरी नसताना त्यांनी ती खरी मानली, तीच आता उपयोगी पडतेय. त्यांच्याच नियमानं त्यांना हलवलं! बाईंना हे कधीच सांगता येणार नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दोनला टाकी रिकामी झाली. मी कुंपणाशी उभी होते. पाणी गटारातून दोन तास वाहत होतं. वस्तीला टँकर. आवारात चिखल झाला म्हणून बालवाडी आठवडाभर बंद.

मास्तरांनी लांबून नमस्कार केला. त्यांना वाटतंय अहवाल पोचला.

मी घरी चालत आले, उड्या मारतच म्हणायला हवं. चौदा पत्रं, तीन विभाग, सव्वा वर्ष — आणि माझ्या दोन ओळी! दोन वर्षांच्या अभ्यासात हे कुणी शिकवलं नाही. रिकामी टाकी कुणावर पडणार? आणि आता साफसफाईच्या वेळी आतून तडा दिसेलच, मग ते स्वतःच भरायचं थांबवतील.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आईनं विचारलं, एवढी खूश का? सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आरोग्य निरीक्षकांचा फोन आला. आवाज मऊ, अदबशीर. टाकी दोनदा धुतली म्हणाले. पारवा नाही. पिसंसुद्धा नाहीत. पाण्याचा नमुनाही स्वच्छ आला.

मी म्हटलं, मग वाहून गेला असेल.

"खाली जाळी आहे मॅडम, जात नाही. आमच्या छापील फॉर्ममध्ये रकाना आहे, मृत जीवाची विल्हेवाट कशी लावली. तो कोरा ठेवता येत नाही. सापडला नाही असं लिहिलं तर तक्रार खोटी ठरते, तसं तुमच्या संस्थेला कळवावं लागतं. आणि उद्या संध्याकाळी टाकी भरायची, लोक टँकरला कंटाळलेत."

"तड्याचं काही दिसलं का आतून?"

"तडा? आमच्याकडे पक्ष्याची नोंद आहे."

मी फोन कानाला लावून उभी. खरं सांगितलं तर आजच पदवी गेली, आणि उद्या संध्याकाळी टाकी पुन्हा काठोकाठ. दोन्ही एकदम. खोटं धरून ठेवलं तर निदान आणखी एक दिवस रिकामी राहील. हा हिशेब मी त्या पाच सेकंदांत केला. आधी कुठलं आलं, पदवी की टाकी, हे मला आता आठवत नाही. आठवतंय, पण लिहवत नाही.

त्यांनी विचारलं, "नेमका कुठल्या बाजूला पाहिला होतात?"

"उत्तरेच्या. कोपऱ्यात, गाळात."

मला तीच बाजू माहीत होती. माझ्या वहीत तेवढीच काढलेली आहे. शिवाय वाटलं, तिथे गेले की तडा त्यांच्या डोळ्यांसमोरच असेल. न बघून सांगतात कुणाला!

"तो कोपरा राहिलाय खरा," ते म्हणाले. "गाळ खूप आहे आणि तिथे पायाखाली पोकळ लागतं म्हणून माणसं जायला कुरकुर करतात. तुमची खात्री आहे ना? तसं असेल तर उद्या सकाळी उतरवतो त्यांना."

"खात्री आहे," मी म्हटलं.

त्यांनी आभार मानले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

टाकीचा उत्तरेकडचा तळ सकाळी साडेनऊला खाली आला. टाकी रिकामी होती, बालवाडी बंद होती, खालच्या घरांत कुणाला काही झालं नाही. आत सफाईचे दोघं होते. काकांनी त्यांची नावं फोनवर सांगितली, एकदा, मग पुन्हा एकदा सावकाश, मी लिहून घ्यावीत म्हणून.

दोघंही नऊ वाजता वर आले होते, पारवा नाही म्हणून. कुणीतरी त्यांना परत उतरवलं. सांगितलं, मॅडमनी स्वतः पाहिलाय, नीट शोधा.